गुन्ह्याच्या अलीकडे

(अमडापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हा विषय मी सुचवला तेव्हा कार्यकर्त्यांनी विचार करायला थोडा वेळ मागून घेतला, आणि मग 'बोला' म्हणून सांगितलं. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्यांनी आयुष्यभर गावची पोरं शिकवली. तेव्हा पोरांच्या सुरक्षिततेचा विषय या मंचावर आलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी त्यांचा मनापासून आभारी आहे. समोर आयाबाया बसल्या आहेत, कॉलेजची मुलंमुली बसली आहेत. मी जपून बोलेन, पण आडपडदा ठेवून बोलणार नाही.

चिखली आपला तालुका. 2019 साली चिखलीत एका नऊ वर्षांच्या मुलीवर दोघांनी अत्याचार केला. 2020 च्या ऑगस्टमध्ये बुलडाण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांनाही फाशीची शिक्षा सुनावली. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी 'बरं झालं' एवढंच होतं. खटला चालला, गुन्हा शाबीत झाला, शिक्षा लागली. हे व्हायलाच हवं होतं. माझा प्रश्न त्या घटनेच्या आधीचा आहे. गुन्हा घडायच्या आधीच्या काळाकडे बघायचं काम आपल्याकडे कोणाकडे सोपवलेलं आहे? पोलीस गुन्हा घडल्यावर येतात, वकील त्यानंतर, न्यायाधीश सगळ्यांच्या शेवटी. तोवर लेकरू भोगून चुकलेलं असतं.

शिक्षेबद्दल हलकेपणाने बोलायचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. 1972 साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिलं, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. त्या निकालाविरुद्ध देशभरातल्या बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. म्हणजे बलात्काऱ्याला शिक्षा व्हावी ही साधी गोष्टसुद्धा बायांना झगडून मिळवावी लागली आहे. म्हणून गुन्हेगाराच्या उपचाराचं नाव काढलं की त्या संतापतात. 'आमचं दुःख अजून कोणी नीट ऐकलं नाही, आणि तुम्ही त्याच्या मनाचं घेऊन बसलात?' हा राग खरा आहे, आणि तो मान्य करूनच मी पुढे बोलतो आहे.

गेल्या काही वर्षांत आपण शिक्षा वाढवत नेली. 2012 च्या नोव्हेंबरात मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू झाला, डिसेंबरात दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराची घटना घडली. न्यायमूर्ती वर्मा समितीने 23 जानेवारी 2013 रोजी अहवाल दिला. समितीने शिक्षा कडक करायला सांगितली, पण फाशी नको म्हटलं, आणि औषधाने सक्तीचं नपुंसकत्व आणण्याची कल्पनाही फेटाळली. पुढे 2018 मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद आली, 2019 मध्ये ती पोक्सोतही आली. मार्च 2020 मध्ये दिल्लीच्या त्या प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या विधिमंडळाने शिक्षा आणखी कडक करणारं शक्ती विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही. आणि ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली. लोक रुळांवर उतरले. आरोपी शाळेतला सफाई कामगार. महिनाभराने तो पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीने मेला. खटला उभा राहिलाच नाही. त्या मुलींच्या आईबापांना भर न्यायालयात जो निकाल ऐकायचा हक्क होता, तो कायमचा गेला.

फाशीच्या धाकाने माणूस थांबेल असं आपण धरून चाललो आहोत. तो कोण असतो ते मात्र आपण पाहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अलीकडचा अहवाल काढा. बलात्काराच्या शंभर गुन्ह्यांत नव्वदहून जास्त आरोपी ओळखीचे असतात. काका, मामा, आतेभाऊ, शेजारी, शिकवणीवाला, कधी सख्खा बाप. 2007 मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी कसला ना कसला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. यातली पोलिसांपर्यंत किती गेली असतील? ज्या घरात दोषी माणूस हाच कमावता असतो, त्या घरात पोरीने तोंड उघडलं तर आधी आजी म्हणते, 'गप बस, घर मोडीन.' आणि शिक्षा फाशीची आहे असं कळल्यावर ती आजी जास्त बोलेल की कमी? कडक शिक्षेने ओळखीच्या माणसाविरुद्धची तक्रार वाढत नाही, दबते. त्याहून भयंकर म्हणजे, बलात्कार आणि खून यांची शिक्षा सारखीच झाली की साक्षीदार जिवंत ठेवण्याचं कारण गुन्हेगारापाशी उरत नाही.

आता मी माझ्या कामाकडे येतो. मी मानसोपचाराचा डॉक्टर. वऱ्हाडातल्या छोट्या शहरांत माझी प्रॅक्टिस झाली. एका मुलाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

विशीतला मुलगा. मामा घेऊन आला होता. 'झोप नाई याले, डोकं दुखते, अभ्यासात ध्यान नाई.' मामाला मी बाहेर बसवलं. मुलगा बराच वेळ टेबलाच्या कडेचं निघालेलं सनमायका नखाने उचकटत बसला. मग मान वर न करता म्हणाला, 'सायेब, माह्या हातून काही होईन म्हणून मले भेव वाटते.'

तो घरी चौथी-पाचवीच्या मुलांची शिकवणी घ्यायचा. त्याच्या हातून काही घडलं नव्हतं. पण मनात जे येत होतं ते ओळखून त्याने एका दिवशी शिकवणी बंद करून टाकली. घरच्यांना कारण सांगता येईना. महिन्याचे पैसे बंद झाले म्हणून बाप रागावला. दिवाळीत बहिणीची मुलं आली की हा शेतात झोपायला जायचा. घरच्यांनी निदान काढलं की पोराला लग्नाचं वय झालं, स्थळं बघा. आणि तो मात्र रोज रात्री, मी राक्षस आहे का, या एकाच प्रश्नाशी झगडत होता. जीव द्यायचा विचारही त्याने केला होता.

या मुलाला आपला कायदा काय देतो? काहीच नाही, आणि एका परीने ते बरोबर आहे. त्याने गुन्हा केलेला नाही. समाज काय देतो? तोंड उघडलं तर चामडी लोळवेल. म्हणजे तो एकटा. आणि एकटेपण, दारू, उदासी आणि आवाक्यातलं लेकरू या चार गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, हे आमच्या शास्त्रातलं रोजचं ज्ञान आहे. त्याच्या शेजारच्या मुलांना वाचवायचं असेल तर त्याला बोलायला जागा हवी. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण वर्तमानपत्रांत सगळ्याचा गोंधळ होतो. लहान मुलांविषयी लैंगिक आकर्षण असणं हा विकार आहे. मुलावर अत्याचार करणं हा गुन्हा आहे. दोन्ही एक नाहीत. विकार असलेले कितीतरी जण कधीच गुन्हा करत नाहीत. उलट मुलांवर अत्याचार करणाऱ्यांत जवळपास निम्म्यांना तो विकार नसतोच. ते संधी साधतात, नशेत असतात, सत्ता गाजवतात, किंवा पोराला माणूसच समजत नाहीत. विकार कोणी निवडत नाही, म्हणून विकाराला शिक्षा नाही. कृती निवडली जाते, म्हणून कृतीला शिक्षा आहे आणि असायलाच हवी. 'मी आजारी होतो' असं न्यायालयात सांगून कोणाची सुटका व्हावी, असं मी कधीही म्हणणार नाही.

मग उपचार म्हणजे काय? मूळ आकर्षण बहुधा जात नाही. तसं आश्वासन देणारा डॉक्टर खोटं बोलतो. आम्ही ते आकर्षण घेऊन सुरक्षित कसं जगायचं ते शिकवतो. मुलांसोबत एकट्याने थांबायचं नाही, मोबाइलवर काय बघायचं नाही, दारू नाही, मन कुठल्या वाटेने घसरतं ते आधी ओळखायचं, आणि घरातल्या एका भरवशाच्या मोठ्या माणसाला खरं माहीत असू द्यायचं. उदासी असेल तर तिचं औषध. गरज असेल तर लैंगिक संप्रेरक कमी करणारं औषध, पण त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. स्वीडनमध्ये कारोलिन्स्का संस्थेने 52 पुरुषांवर अशा एका इंजेक्शनची चाचणी घेतली, 2020 मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांत जोखीम उतरल्याचं दिसलं. हे सगळे पुरुष आपणहून मदत मागायला आले होते. सक्तीने टोचलेल्या सुईत आणि मागून घेतलेल्या औषधात फार फरक आहे, कारण दुसऱ्यात माणूस स्वतःच्या रक्षणाला स्वतः उभा असतो.

बर्लिनच्या शारिटे या विद्यापीठ रुग्णालयात प्रा. क्लाउस बायर यांनी 2005 साली असा दवाखाना सुरू केला. शहरभर भित्तिपत्रकं लावली, टीव्हीवर जाहिराती केल्या, गुन्हा करण्याआधी या म्हणून सांगितलं. लोक आले. तिथला कायदा डॉक्टरला रुग्णाचं गुपित राखायला सांगतो, म्हणून येऊ शकले. आणि हे काही फक्त परदेशात झालेलं नाही. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने याच शारिटेच्या सहकार्याने आपल्याकडेही असा कार्यक्रम सुरू केला: मुलांविषयी आकर्षण वाटणाऱ्या, पण कोणाला इजा करायची नाही असं ठरवलेल्या माणसांसाठी मोफत आणि गोपनीय मदत. महाराष्ट्राला याचा अभिमान वाटला पाहिजे. पण पुण्याचं दार आमच्या अमडापूरच्या पोराला कसं सापडायचं? एसटीने रात्रभराचा प्रवास, भाड्याचे पैसे, आणि घरी काय सांगून निघायचं?

शिवाय कायद्याची अडचण आहे. पोक्सोचं कलम 19 सांगतं की गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी धास्ती ज्याला वाटते, त्याने पोलिसांना कळवावं. घडलेला गुन्हा न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घडलेला गुन्हा कळवलाच पाहिजे. त्यात एका शब्दाची सूट मला नको आहे. पण 'घडेल अशी धास्ती' यात तो सनमायका उचकटणारा मुलगा बसतो की नाही? 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मला त्याचं गुपित जपायला सांगतो, पोक्सो मला दुसरीकडे ओढतो. माझे कित्येक सहकारी असा रुग्ण आला की हात झटकतात, पुढचं कागदपत्र नको म्हणून. ठरावीक मुलाला ठरावीक धोका दिसत असेल तर डॉक्टरने कळवावंच. पण केवळ मनातलं ओझं सांगायला आलेल्याला पोलिसांत देणार नाही, एवढं सरकारने साध्या भाषेत लिहून दिलं पाहिजे.

उपचाराची बाजू मांडताना त्याचं अपयश लपवणं मला शोभणार नाही. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत पंचवीसेक वर्षं लैंगिक गुन्हेगारांचे गट करून एक उपचार चालवला गेला. 2017 मध्ये त्यांच्याच न्याय मंत्रालयाने मोजदाद केली. उपचार घेतलेल्या अडीच हजारांहून अधिक कैद्यांपैकी 10 टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, आणि न घेतलेल्यांपैकी 8 टक्क्यांनी. म्हणजे फायदा सोडाच, किंचित तोटाच. त्यांनी तो कार्यक्रम बंद केला. बर्लिनच्या कामाचे आकडेही नंतर इतर संशोधकांनी तपासले, आणि दाखवला गेला तेवढा परिणाम सिद्ध होत नाही असं म्हटलं. मला या दोन्ही गोष्टींचं भय वाटत नाही, कारण औषधं अशीच सुधारतात: मोजून, चुकून, बदलून. फाशीने किती मुलं वाचली याची अशी मोजणी आपण केली आहे का? उपचाराला आपण हिशेब विचारतो, शिक्षेला विचारत नाही.

जे काम मला सगळ्यात जवळचं वाटतं ते कॅनडातलं आहे. 1994 मध्ये हॅमिल्टन शहरात, मुलांवर पुन्हा पुन्हा अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. गावभर पोस्टर लागली, दारापुढे निदर्शनं. मेनोनाइट पंथाचे एक पाद्री, हॅरी नाय, यांनी आपल्या मंडळीतली काही माणसं गोळा केली. त्यांनी त्याला राहायला जागा दिली, रोज कोणी ना कोणी भेटायचं, शेजाऱ्यांशी आणि पोलिसांशी बोलायचं, आणि त्याला तोंडावर विचारायचं की आज कुठे गेला होतास, मनात काय आलं. प्रेम नुसतं नव्हे, पहाराही. तो माणूस मरेपर्यंत पुन्हा गुन्ह्याकडे वळला नाही. पुढे अशी मंडळं अनेक ठिकाणी निघाली. अभ्यास लहान संख्येचे आहेत, पण निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. खेड्यात रोज कोण कुठे जातं ते सगळ्यांना दिसतं. ही आपली ताकद आहे, आणि सध्या ती फक्त बदनामीसाठी खर्ची पडते.

अल्पवयीन मुलांचं थोडक्यात सांगतो, कारण यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. लहान मुलांना त्रास देणाऱ्यांत चौदा-पंधरा वर्षांची मुलं बरीच असतात. मोबाइलवर बघितलेलं करून बघतात, कधी स्वतःवर झालेलं दुसऱ्यावर करतात. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांची बेरीज सांगते की अशा मुलांपैकी शंभरातली पाचेकच पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडतात. म्हणजे या वयात हात दिला तर बहुतेक पोरं सावरतात. यात एकमेकांवर प्रेम करणारी, पळून गेलेली सतरा वर्षांची जोडपी मी धरत नाही. महाराष्ट्रासह तीन राज्यांतल्या सात हजारांवर पोक्सो निकालांचा एन्फोल्ड संस्थेने अभ्यास केला, त्यात जवळपास चौथा हिस्सा प्रेमप्रकरणांचा निघाला. पोलीस आणि न्यायालयांचा तेवढा वेळ खऱ्या अत्याचाराच्या तपासातून जातो.

कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ आहे. तसं नाही. पुण्यात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने नवजात मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याचं काम तिथे संपलं. जोतिराव आणि सावित्रीबाईंना ते पुरेसं वाटलं नाही. 1863 मध्ये त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि भिंतींवर सूचना लावून सांगितलं की इथे या, गुपचूप बाळंत व्हा. मी त्या पीडित विधवांची आणि मुलांवर वाईट नजर पडणाऱ्या पुरुषांची बरोबरी करत नाही. त्या विधवा स्वतःच अन्यायाच्या बळी होत्या. मी त्या जोडप्याची रीत घेतो आहे. मूल मेल्यावर आईला अंदमानात पाठवण्यापेक्षा मूल मरूच नये याची सोय करायची, आणि त्यासाठी बदनामीची भीती आधी काढून टाकायची. पुढे र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लोकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली, त्यासाठी खटले भोगले, आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. ज्या प्रांतात हे घडलं तिथे आज आपण या विषयावर कुजबुजतसुद्धा नाही.

बुलडाणा जिल्ह्याला काय लागेल? फार मोठं काही नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात या कामाचं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर आणि एक समुपदेशक. 14416 या टेलिमानस मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर बसलेल्या माणसांना, असा फोन आला तर घाबरू नका, शिव्या देऊ नका, हे शिकवणं. शाळेत मुलांना चांगला-वाईट स्पर्श शिकवतो, तसं मोठ्या मुलांना हेही सांगणं की असे विचार छळत असतील तर इथे या. आणि पैसा पीडित मुलांच्या वाट्यातून घ्यायचा नाही. पीडितांसाठी मनोधैर्य योजना आपण 2013 मध्ये सुरू केली. त्यातला एक रुपयाही इकडे वळवला तर मी स्वतः विरोधाला उभा राहीन.

आणि आज घरी जाताना एवढं घेऊन जा. लेकरावर अत्याचार झाल्याचं कळलं तर गावकी बसवून मिटवू नका. ठाण्यात जा, 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करा, लेकराला 'तुझी चूक नाही' म्हणा. आपल्याच मुलाचं किंवा भावाचं लहान मुलांशी वागणं खटकलं, पण काही घडलेलं नाही, तर त्याला मारू नका, त्याचं लग्न लावून मोकळं होऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं, 'जरा हवा बदलेल' म्हणून त्याला अशा नातेवाइकाकडे पाठवू नका जिथे लहान मुलं आहेत. त्याला एकटं मुलांत ठेवू नका, आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे या.

माझं बोलणं झालं. प्रश्न असतील, असतीलच. उभं राहून विचारायला अवघड वाटत असेल तर कार्यकर्ते कागद फिरवताहेत, त्यावर लिहा. नाव लिहू नका. इथे वेळ पुरला नाही तर उद्या सकाळी दहा वाजेपर्यंत मी गावातच आहे.